लेक्चरमधे नोट्स घ्यायच्या कशा? लिहायला गेलं की ऐकायचं राहतं

सड्यावरचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी एफवायबीएस्सीला आहे रत्नागिरीत, गाव पावसच्या पुढे. अकरावी-बारावी सायन्सच केलं पण तिथले सर पुस्तक इंग्लिश असलं तरी समजवायचे मराठीतनं, त्यामुळे कधी काही अडलं नाही. आता इथे अख्खं लेक्चर इंग्लिशमधे आणि स्पीड असला की माझं पहिलं वाक्य लिहून होईपर्यंत सर चौथ्यावर पोचलेले असतात. लिहीत बसलो तर काय चाललंय ते डोक्यात शिरत नाही, आणि पेन ठेवून नुसतं ऐकलं तर त्या वेळेला सगळं कळल्यासारखं वाटतं पण संध्याकाळी वही उघडली की कोरी. त्यात आमच्या वर्गावर पत्रे आहेत, पाऊस जोरात आला की मागच्या बाकांवर सरांचे फक्त ओठ हलताना दिसतात.

घरी पोचेपर्यंत काळोख होतो, मग जेवून रफचं फेअर करायला बसतो तर माझंच अक्षर मला लागत नाही, अर्धी वाक्यं तुटलेली. जुलैत लावणीला घरी थांबलो होतो तेव्हाचे टॉपिक तर मित्राच्या वहीच्या फोटोंवरच आहेत, आणि तो पण माझ्यासारखाच लिहितो. वर्गात काही जण फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवतात, काही नुसते बोर्डचे फोटो काढतात, एक जण टॅबवर लिहितो. माझ्याकडे टॅब नाही, फोन आहे पण गावात रेंज पाहिजे तर वरच्या एसटी स्टॉपपर्यंत चालत जावं लागतं. विषय झूलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री. नोट्स म्हणजे नक्की काय लिहायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी नीट सांगा. आणि प्लीज "लक्ष देऊन ऐक" असं सांगू नका, ते आई रोज सांगते.

मोरीचं_कालवण

अरे मेल्या, सगळां लिवीत रवलंस तर आयकतलंस कधी? मी मालवणची, फिशरीजला होते शिरगावला, म्हणजे तुझ्या रत्नागिरीतच की.

हे बघ, सर बोलतात ते वाक्य लिहायचंच नाही. त्या वाक्यात कशामुळे काय होतं तेवढंच उतरवायचं, बाण काढत. झूलॉजीचंच उदाहरण देते, ऑस्मोरेग्युलेशन (अंगातलं पाणी आणि मीठ यांचा तोल सांभाळणं) तुला आज ना उद्या येईलच. सर त्यावर अर्धा तास बोलतील, माझ्या वहीत त्याच्या एवढ्याच ओळी होत्या:

सागरी मासा: बाहेर खारट (लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास), अंगात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा → अंगातलं पाणी बाहेर जातं → म्हणून समुद्राचं पाणी पितो → जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर → लघवी थोडी

गोड्या पाण्यातला: उलट. पाणी आत घुसतं → पीत नाही → लघवी भरपूर, पातळ → मीठ कल्ल्यांतून आत ओढतो

मुशी (शार्क, आमच्याकडे मोरी): तिसरीच तऱ्हा. रक्तात युरिया साठवते → आतबाहेर जवळजवळ बरोबरी

यातलं एक वाक्य धड पूर्ण नाही पण यावरून परीक्षेत दोन पानं लिहिता येतात, कारण प्रत्येक बाण म्हणजे एक "का" आहे आणि पेपरात मार्क त्या "का"लाच असतात. मुशीच्या ओळीशेजारी मी "मोरी शिळी झाली की वास" असं लिहून ठेवलेलं, तो अमोनियाचा वास त्या युरियामुळेच सुटतो ना, मग ज्याने बाजारात एकदा नाक दाबलंय त्याला ते पाठ करायची गरजच नाही. असलं आपलं आपलं काहीतरी लिहून ठेवायला लाजू नकोस, वही तुझी आहे, ती कोणी तपासत नाही. तपासतात ते जर्नल.

भाषेचं म्हणशील तर टेक्निकल शब्द इंग्लिशच ठेव, ते तसेच लागतात, पण कारण मराठीत लिही, मालवणीत लिही, जे पटकन येतं त्यात लिही. फक्त संध्याकाळी त्या टॉपिकची तीनचार वाक्यं इंग्लिशमधे स्वतःची स्वतः बनवून बघायची, पेपर इंग्लिशमधे लिहायचाय म्हणून. सुरुवातीला ग्रामरचा पार चुथडा होईल, होऊ दे.

आणि हो, वहीत उजव्या पानावरच लिहायचं, डावं कोरं सोडायचं. लावणीत बुडालेलं, मित्राकडचं, पुस्तकातलं, मागाहून कळलेलं सगळं डाव्या पानावर जातं. कागद जास्त लागतो, पण घरचे वहीच्या पैशाला नाही म्हणत नाहीत असा अनुभव आहे, मोबाइलच्या रिचार्जला म्हणतात. जेल पेन मात्र पावसाळ्यात वापरू नकोस, दप्तर भिजलं की पान निळं. साधं बॉलपेन बरं.

निवृत्त_मास्तर_चिपळूण

वरच्या ताईंनी चांगलं सांगितलंय. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलतो, बरीच वर्षं कॉलेजात शिकवलंय.

पहिली गोष्ट, तुझा हात हळू आहे असं समजू नकोस. वर्गात शिकवणारा माणूस मिनिटाला १०० ते १२५ शब्द सहज बोलतो, आणि हाताने कोणी कितीही भराभर लिहिलं तरी २५-३० च्या फारसं पुढे जात नाही. म्हणजे चारातले तीन शब्द सुटणारच, तुझे, माझे, कोणाचेही. भराभर लिहायचं म्हणून आपल्याकडे मोडी होती, टाक न उचलता ओळ ओढत न्यायची, इंग्रजीवाल्यांनी शॉर्टहँड काढलं, पण ते ज्याला दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवून द्यायचंय त्याच्यासाठी. तुला सरांचं भाषण कोणाला द्यायचं नाहीये.

तेव्हा काय सोडायचं हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बऱ्याच वेळा सरच देतात. शिकवणाऱ्याच्या सवयी असतात. महत्त्वाचं असलं की आम्ही दोनदा बोलतो, दुसऱ्यांदा जरा हळू. फळ्याकडे वळतो. "याची तीन कारणं आहेत" म्हणतो, मग त्या तिन्हींना नंबर टाकून जागा सोड, दुसरं कारण पावसात बुडालं तरी बुडालंय एवढं तरी कळेल, तास संपल्यावर येऊन विचारता येईल. "इथे पोरं चुकतात" असं जिथे म्हणतो तिथे तर चौकटच कर. गोष्ट सांगायला लागलो किंवा आमच्या वेळचं काही काढलं की पेन खाली ठेवून ऐकायचं, तेवढाच हाताला आराम. तासाची पहिली दोन-तीन मिनिटं आणि शेवटची दोन-तीन मिनिटं मात्र सोडू नये, आज काय होणार आणि काय झालं हे तेव्हाच बोललं जातं आणि नेमकी तेव्हाच पोरं दप्तर आवरत असतात.

आता पानाबद्दल. अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत वॉल्टर पॉक म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी १९५० च्या दशकात नोट्सची एक पद्धत बसवली, ती आजही कॉर्नेल पद्धत म्हणून सगळीकडे सांगतात. डावीकडे साधारण अडीच इंचाची पट्टी, म्हणजे आपल्या लाँगबुकच्या मार्जिनच्या दुप्पट म्हण, उजवीकडे तासाला लिहायचं, खाली पाचसहा ओळी मोकळ्या. खुबी पट्टीत आहे. ती तासाला कोरीच ठेवायची. त्याच दिवशी नंतर उजवीकडचं वाचून तिथे प्रश्न लिहायचे. "सागरी मासा पाणी का पितो?" एवढाच. मग परीक्षेच्या वेळी उजवी बाजू झाकायची आणि पट्टीतले प्रश्न स्वतःला विचारत जायचं. खालच्या ओळींत पानाचं सार, स्वतःच्या शब्दांत.

म्हणून माझं स्पष्ट मत, फेअर वही बंद कर. शाळेत ती आपल्या अंगवळणी पडते, लाल शाईने हेडिंग, खाली पट्टीने रेघ, अक्षर सुंदर. दीड तास जातो आणि त्यात डोकं चालत नाही, फक्त हात चालतो.

ताळेबंद_जुळला

मास्तर माफ करा पण फेअर वहीबद्दल पटलं नाही. मी टीवायबीकॉमला आहे, राजापूर साइडची, आणि मी पहिल्यापासून फेअर करते आणि माझे मार्क चांगले आहेत. अकाउंट्समधे फॉरमॅट हातात बसायला लागतो, तिथे नुसता प्रश्न लिहून काय करू? पार्टनरशिपची गणितं दोनदा तीनदा पूर्ण सोडवल्याशिवाय कुठली ॲडजस्टमेंट दोन ठिकाणी जाते हे लक्षातच राहत नाही. आणि खरं सांगू, रफ वहीतलं गचाळ बघून मला वाचायचीच इच्छा होत नाही, घरी आल्यावर नीट लिहिलं की मन शांत होतं. सगळ्यांना एकच औषध कसं चालेल.

निवृत्त_मास्तर_चिपळूण

@ताळेबंद_जुळला, तू जे करतेस त्याला मी फेअर करणं म्हणतच नाही. तू गणित पुन्हा सोडवतेस. समोर उत्तर न ठेवता सोडवत असशील तर अगदी योग्य आहे, चालू ठेव. माझा राग समोर बघून उतरवून काढण्यावर आहे. मन शांत होतं हे मात्र खरं असेल, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कुडाळचा_भाऊ

यावर जरा अभ्यासातलं सांगतो, सायकॉलॉजीचा विद्यार्थी आहे म्हणून. मास्तर म्हणतात त्या पट्टीच्या प्रश्नांमागे भक्कम पुरावा आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मधे एक प्रयोग केला, मुलांना उतारा दिला, काहींना तो पुन्हा वाचायला लावला आणि काहींना न बघता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे वाचताना आपल्याला जे "येतंय येतंय" वाटतं ना, ती आदल्या रात्रीची मजा आहे, आणि सेमिस्टर काय पाच मिनिटांचं नसतं.

टॅबवाल्याचा हेवा करू नकोस. लॅपटॉपवर टाइप करणारी मुलं आणि हाताने लिहिणारी मुलं यांची तुलना म्युलर आणि ओपनहायमर यांनी २०१४ मधे केली, त्यात टाइप करणारे सरांचं वाक्य जसंच्या तसं जास्त उतरवत होते आणि समजून घ्यायच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे गेले. हा अभ्यास सगळीकडे फॉरवर्ड होतो, पण २०१९ मधे दुसऱ्या लोकांनी तो परत करून बघितला तेव्हा फरक इतका स्पष्ट आला नाही, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. तेव्हा पेन म्हणजे जादू असं काही नाही. तुझा तो टॅबवाला पेन्सिलने टॅबवर बाण काढत असेल तर तो आणि तू सारखेच.

रेकॉर्डिंगचं बोलायचं तर ५० मिनिटांचं लेक्चर परत ऐकायला ५० मिनिटंच लागतात, दिवसाला चार लेक्चर झाली तर कधी ऐकणार? आणि पत्र्यावर पाऊस असताना केलेलं रेकॉर्डिंग लावून बघ, फक्त पाऊस ऐकू येतो. करायचंच तर सरांना विचारून, आणि जिथे लिंक तुटली तिथे वहीत घड्याळातली वेळ टाकून ठेव, मग तेवढाच तुकडा ऐकता येतो. बोर्डच्या फोटोंचं पण तसंच, गॅलरीत गुड मॉर्निंग आणि गणपतीच्या फोटोंमधे ते कुठे जातात देव जाणे. त्याच दिवशी बघून वहीत नाही आणले तर ते नाहीतच असं समज. आकृती किचकट असेल तर काढ फोटो, नाही कोण म्हणतो.

काळ्या_कोटातली

लॉची आहे तरी मधे तोंड घालते, कारण सीनियरच्या नोट्सबद्दल कोणीच बोललं नाही आणि झेरॉक्सच्या दुकानात ते गठ्ठे असतातच.

आमच्याकडे काय झालं, १ जुलै २०२४ पासून आयपीसी (जुना भारतीय दंड विधान कायदा) जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खून ३०२ चा १०३ झाला, ४२० ची फसवणूक ३१८ मधे गेली. आणि फिरतायत अजून जुनेच गठ्ठे, सुंदर अक्षरातले, हायलाइट केलेले. ज्यांनी ते पाठ केले ते वायवाला (तोंडी परीक्षेला) गेले आणि कलम विचारल्यावर ठामपणे जुना नंबर. तुमच्याकडे कायदा बदलत नसला तरी एनईपीचा (नव्या शिक्षण धोरणाचा) नवा सिलॅबस आलाय, युनिट इकडचे तिकडे झालेत. तेव्हा सीनियरचा गठ्ठा आधी सिलॅबसच्या कागदाशेजारी ठेवून टिक करत बघ, मग वापर. सिलॅबसची प्रिंट वहीच्या पहिल्या पानावरच चिकटव, लेक्चरच्या वरती तारीख आणि युनिट लिहायची सवय लागते, नाहीतर शेवटी कुठलं पान कशाचं तेच कळत नाही.

बाकी एक गोष्ट सायन्सला पण चालेल. आम्ही केस लिहिताना चार गोष्टी लिहितो, काय घडलं, प्रश्न काय होता, कोर्टाने काय ठरवलं आणि का. केशवानंद भारती १९७३ चा, १३ न्यायाधीश, शेकडो पानांचा निकाल, तो पण वहीत अर्ध्या पानात बसतो: संसद घटनेत बदल करू शकते पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. तुम्ही प्रयोग लिहिताना हेच करा, काय करून बघितलं, काय शोधायचं होतं, काय दिसलं, त्यावरनं काय म्हणायचं.

आणि मित्राच्या वहीचे फोटो आहेत ना लावणीच्या दिवसांचे, ते नुसते उतरवू नकोस. त्याला समोर बसव आणि ते पान त्याला समजवायला लाव. त्याला जिथे अडेल तिथे दोघं मिळून पुस्तक उघडा. त्याचा पण फायदा, वडापाव तू दे.

सड्यावरचा_पोरगा

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. मोरीताई तुमचे बाण आजच बॉटनीला करून बघितले, मॅडम कांदळवनावर बोलत होत्या, मी असं लिहिलंय:

चिखलात हवा नाही → मुळांना ऑक्सिजन नाही → तिवराची मुळं चिखलातनं वर येतात, हवेतनं घेतात. पानांवर मिठाच्या ग्रंथी → मीठ बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं → खाली पडतं ते रोपच.

शेजारी "आमच्या खाडीत चालताना पायाला टोचतात ती" असं पण लिहिलं. एवढंच लिहिलं आणि खरंच ऐकायला वेळ मिळाला, उलट मधे एक डाउट पण विचारला. डावीकडची पट्टी येताना एसटीतच भरली, गाडी हलते त्यामुळे अक्षर भयंकर आलंय पण प्रश्न लागतायत.

एकच अडतंय, केमिस्ट्री. तिथे बाण काढायचे म्हटलं तर बोर्डवर आधीच बाणच बाण असतात. एसएन-वन, एसएन-टू (रेणूतला एक गट जाऊन दुसरा येतो त्या रिअॅक्शनचे दोन प्रकार) चालू आहे आणि मॅडम रिअॅक्शन लिहितात, पुसतात, पुढची लिहितात. तिथे काय सोडायचं?

बेंझिन_रिंग

ऑरगॅनिकला बोर्डवरचं काही सोडायचं नाही, बोललेलं सोडायचं. झूलॉजीच्या बरोबर उलटं. स्ट्रक्चर आणि बाण जसेच्या तसे उतरव, आणि इथला बाण कुठून सुटतो आणि कुठे लागतो ते नीट बघून काढ, कारण तो इलेक्ट्रॉनचा बाण आहे, जिथे इलेक्ट्रॉन जास्त तिथून निघतो, कमी असतील तिकडे जातो. पोरं घाईत उलटा काढतात आणि मग घरी वही बघून काहीच जुळत नाही. मॅडम पुसायला गेल्या की "मॅडम एक मिनिट" म्हणायला शिक, वर्गातले निम्मे लोक मनातल्या मनात तुझे आभार मानतील.

बोललेल्यातलं फक्त एक लिहायचं, प्रत्येक बाणाशेजारी दोन शब्दांत कारण. आणि एसएन-वन, एसएन-टू असे जोडीने येणारे टॉपिक असले की पान आधीच उभं दुमडून घ्यायचं, एका बाजूला वन, दुसऱ्या बाजूला टू. वन दोन स्टेपमधे, मधे कार्बोकॅटायन (पॉझिटिव्ह चार्ज असलेला कार्बन), रेट फक्त सबस्ट्रेटवर (ज्यावर हल्ला होतो तो रेणू), टर्शरीला (तीन कार्बन जोडलेल्या कार्बनला) सोपं. टू एकाच स्टेपमधे, मागून हल्ला, रेट सबस्ट्रेट आणि हल्ला करणारा दोघांवर, टर्शरीला गर्दी म्हणून जमत नाही, आणि कॉन्फिगरेशन उलटं होतं. समोरासमोर ओळी आल्या की "फरक सांगा" हा प्रश्न वहीतच तयार असतो.

संध्याकाळी मेकॅनिझम वाचत बसू नकोस. कोऱ्या कागदावर पहिलं स्ट्रक्चर काढायचं, वही बंद, पुढचं स्वतः काढायचं, अडलं तिथे लाल खूण. दुसऱ्या दिवशी मॅडमना त्या लाल खुणेचंच विचार, "मला काहीच कळलं नाही" असं सांगितलं तर त्या पण काय सांगणार. पाठकोरे कागद झेरॉक्सवाल्याकडे खराब झालेल्या प्रिंटचे फुकट मिळतात, गठ्ठाच आण.